अर्ध्या कपाचे उपाध्यक्ष

दादा गेल्याची बातमी मला घरातून नाही, गावच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळली. 'आपले उपाध्यक्ष नाना यांचे दुःखद निधन.' खाली हात जोडलेल्यांची रांग, आणि त्या रांगेतच कोणीतरी विचारलेलं, 'मग शिमग्याची बोलणी आता कोण करणार?' तोवर माझ्या भावाला इस्पितळातून परळच्या घरी आणलंही नव्हतं. मी त्याची धाकटी बहीण, दादरला दिलेली. महिना उलटला, तरी ते वाक्य माझ्या घशाखाली उतरत नाही.

आमच्या कोकणातल्या गावात दोन वाड्या, वरची आणि खालची. शिमग्याला देवाची पालखी आधी कोणाच्या अंगणात बसणार यावरून पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. लालबागला मंडळाची खोली झाली तेव्हा गावाहून भांडीकुंडी आली, तसं भांडणही आलं. रिवाज असा की अध्यक्ष वरच्या वाडीचा, उपाध्यक्ष खालच्या. अध्यक्षानं हार घालून घ्यायचा, पालखीपुढे पहिला नारळ वाढवायचा. उपाध्यक्षानं चपला झिजवायच्या. आम्ही खालच्या वाडीचे, त्यामुळे दादानं जन्मभर चपलाच झिजवल्या. गिरणी बंद पडल्यावर तो कुरिअरच्या ऑफिसात लागला, आणि शिमगा जवळ आला की तिथून सुटून आधी वरच्यांकडे, मग खालच्यांकडे. चहा दोन्हीकडे व्हायचाच. एकाकडे संपवला आणि दुसऱ्याकडे उरवला, तर तेवढ्यावरून बोलणी फिसकटायची. म्हणून तो दोन्हीकडे अर्धाच कप प्यायचा. पुढे ती सवयच जडली... घरीही अर्धा ठेवायचा, आणि उरलेला वहिनी प्यायची. तिनं स्वतःसाठी वेगळा कप कधी भरलाच नाही.

एका वर्षी गावात मारामारीसाठी काठ्या निघायची वेळ आली. वरच्यांना पालखीच्या फेरीतलं खालच्या वाडीचं एक घर कमी करून हवं होतं. दादानं आमचंच अंगण सोडलं. पालखी दारावरून न थांबता गेली. आई आरती घेऊन उभी होती, ती विझेपर्यंत तिनं ताट खाली ठेवलं नाही. दादा म्हणाला, "आये, पुढल्या वर्षी येतली." पुढल्या वर्षी आई नव्हती. गावानं मात्र त्याची पाठ थोपटली, फार समजूतदार म्हणून. समजूतदार माणसाच्या पाठीवर लोक थापही मारतात आणि ओझंही ठेवतात.

साठी उलटल्यावर तो एकदा मला म्हणाला, "एकदाच गो. पहिलो नारळ माझ्या हातान वाढांदे. पालखी आपल्या दारात टेकांदे." जन्मात त्यानं स्वतःसाठी मागितलेलं एवढंच. रिवाज मोडून तो गेल्या दिवाळीनंतर अध्यक्षपदाला उभा राहिला. खालच्या वाडीतल्या घराघरानं त्याला शब्द दिला होता.

मतदान हात वर करून. बायकांना मत नाही, आम्ही मागे स्टोपाशी चहा करत होतो. "नानांच्या बाजूनं कोण?" असं विचारलं, आणि खोलीत एकही हात वर गेला नाही. दादाचा स्वतःचाही नाही. स्वतःला मत द्यायची त्याला लाज वाटली. मग वरच्यांच्या उमेदवाराचं नाव घेतलं, तर दोन्ही वाड्यांचे हात एकदम वर. आमच्याच वाडीतला एक जण हसत म्हणाला, "नाना, तुमी अध्यक्ष झालात तर भांडणां सोडवूक जातलो कोण?" सगळी खोली हसली. लगेच दादाला पुन्हा उपाध्यक्ष केलं, एकमतानं, टाळ्या वाजवून. वहिनीच्या हातात ट्रे होता. तिनं तो खाली ठेवला नाही, सगळ्यांना चहा दिला.

परळपर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत दादा म्हणाला, "बघलंस? दोनय वाड्यो एकत्र इल्यो."

"तुला पाडायला."

"होय... पण एकत्र इल्यो ना?"

तो हे चेष्टेनं म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

शिमग्याच्या आधीच तो गेला. शोकसभा लालबागच्या खोलीत घ्यायची की खालच्यांच्या चाळीच्या गच्चीवर, यावरून जुंपली. मिटवायला कोणी नव्हतं, म्हणून दोन झाल्या, एकाच संध्याकाळी. दोन्हीकडे म्हणे एकच भाषण झालं, नानांनी आम्हाला एकत्र ठेवलं. वहिनी कुठेच गेली नाही, आणि मीही नाही.

परवा मी वहिनीकडे असताना दोन्ही वाड्यांचा एकेक जण घरी आला. दोघे दोन टोकांना बसले. "वैनी, शिमगो तोंडार इलो. तुमचो शब्द दोनय वाड्यो मानतत," वरचा म्हणाला. मत नसलेल्या बाईचा शब्द! माझ्या तोंडाशी शिवी आली होती. वहिनीनं चहा टाकला. दोघांपुढे अर्धा अर्धा कप ठेवला. उरलेला सगळा दादाच्या कपात ओतला, काठोकाठ, आणि त्यांच्यासमोर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायली.

"मग पालखीचा काय?" खालच्यानं विचारलं.

वहिनी कप विसळायला उठली.