वाळण्याआधीची खबर

आमच्या शहरात नळ नेमके कधी येतील हे सांगणाऱ्याला मी ज्योतिषीच मानते. गुलमंडीला माझ्या मैत्रिणीच्या घरी सासूबाई एकट्या, त्यात गुडघे धरलेले. नळ आल्याचा त्यांचा फोन आला की ही प्रयोगशाळेतून स्कूटी काढायची.

आम्ही दोघी एका आफ्रिकी कीटकाच्या पेशींवर काम करत होतो. डासाचा चुलतभाऊ, पण चावत नाही. त्याची अळी खडकावरच्या डबक्यात राहते. डबकं आटलं की तीही खडखडीत वाळते, आणि पाऊस पडला की पुन्हा वळवळू लागते. तिच्या पेशीही अशाच सुकवून जागवता येतात. फक्त आधी दोन दिवस त्यांना ट्रेहॅलोज नावाच्या साखरेच्या पाण्यात ठेवावं लागतं. तेवढ्यात पेशीतली एरवी गप्प असलेली जनुकं चालू होतात आणि वाळताना सांभाळणारी प्रथिनं बनवून ठेवतात. उद्यापासून पाणी नाही असं कळलं की आपण घरातली वाटीसुद्धा भरून ठेवतो, तसंच.

त्या दिवशी पेशी साखरेत घालून एकच रात्र झाली होती आणि फोन आला. मैत्रिणीनं घाईघाईत बशा सुकवायच्या पेटीत ठेवल्या आणि गेली. एवढ्यातेवढ्यानं काय होतंय, असं तिला वाटलं. पुढच्या आठवड्यात पाणी घातलं, तर सूक्ष्मदर्शकाखाली नुसता चुरा. मला तिचा भयंकर राग आला, पण तिचा चेहरा पाहून तो गिळावा लागला. पीएचडीची मुदत संपत आलेली, आणि गोठवलेल्या पेशींची एकच कुपी उरलेली.

"त्यांना खबरच पोचली नाही गं," एवढंच ती म्हणाली.

शेवटच्या कुपीच्या वेळी मी तिला बजावलं, नळ आले तरी तू जागची हलायचं नाहीस. साखरेच्या दोन दिवसांत नळ काही आले नाहीत. नेमके आले ते सुकलेल्या पेशींवर पाणी घालायच्या सकाळी. मी रिक्षानं गुलमंडी गाठली, ओढणी खोचली आणि मावशींच्या, म्हणजे तिच्या सासूबाईंच्या, मोरीत पाईप धरून उभी राहिले. पिंपं भरली, हंडे भरले, फोन काही वाजेना. अखेर वाजला.

"जाग्या झाल्या," मैत्रीण म्हणाली आणि रडायला लागली. मग मीही.

काय झालं म्हणून मावशी घाबरल्या. तुमच्या सुनेच्या पेशी वाचल्या, असं मी सांगितलं. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी माझ्या हातातून पाईप घेतला आणि राहिलेल्या कळशीत सोडला.

"तिला म्हणावं, इथलं सगळं भरलंय. लई घाई करू नको, निवांत ये."