जिनिंगमधल्या मेंढपाळ बाया

निजामाच्या अमलात मी जुन्या जालन्यात शाळामास्तर होतो. कचेरीचा कारभार उर्दूत चाले, म्हणून शाळा सुटली की लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येत. एका वर्षी रोगानं मेंढरं गेली आणि वडीगोद्रीकडची काही धनगर कुटुंबं कामाच्या शोधात गावाबाहेर येऊन राहिली. त्यांच्या बायांसाठी मी नोकरीचे पुष्कळ अर्ज लिहिले. उत्तर एकाचंही आलं नाही. त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंना सगळे मावशी म्हणत. त्याच एकदा मला म्हणाल्या, "मास्तर, कागदच जाऊन राह्यले, आमी इथंच हाव. तुमीच जाऊन बोला की."

मला लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी कुंडलिका ओलांडून नव्या जालन्यात, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात गेलो. तिथल्या मॅनेजरसाहेबांनी चहा पाजला आणि नकारही दिला. कापूस निवडायला ते बाहेरगावची माणसं आणत; इथली टिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पण बाहेरच्यांचंही काम मनासारखं नव्हतं. कापसात कवडी, म्हणजे किडलेली कडक बोंडं, राहून जात आणि व्यापारी गठाणी परत पाठवत. हे दुखणं त्यांनीच बोलता बोलता सांगितलं.

या बायांचा जन्म लोकर निवडण्यात गेला होता. मी म्हटलं, आठ दिवस घेऊन बघा. एखादी आली नाही तर तिच्या दारात मी जाईन. फक्त त्यांना एकत्र बसू द्या आणि तान्ह्या लेकरांसाठी सावलीची जागा द्या. साहेब "बराबर" म्हणाले आणि बायांना पाठवायला सांगितलं.

पहिल्या दिवशी माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. शाळा सुटताच कारखान्यात पोचलो, तर सगळे एका ढिगाभोवती जमलेले. साहेबांनी निवडलेल्या कापसात मूठभर कवडी गुपचूप मिसळली होती आणि मावशींना पुन्हा बघायला सांगितलं होतं. मावशी त्यांच्याशी बोलत होत्या, हात आपले चालूच होते. कवडी एकेक करून बाजूला पडत गेली. साहेबांनी उरलेला ढीग स्वतः चाळला. एकही सापडली नाही.

"डोळ्याच्या आधी बोटाला कळतंय, साहेब," मावशी म्हणाल्या.

आठ दिवस पुरे व्हायच्या आतच साहेब माझ्या शाळेच्या दारात उभे. आणखी बाया मिळतील का, विचारत होते. पुढच्या हंगामाच्या तोंडावर शेजारच्या दोन कारखान्यांचीही माणसं आली. मी त्यांना सरळ मावशींकडे धाडलं. कोण कुठं जाणार, हे आता त्याच ठरवत. लेकरांसाठी छप्पर घातल्याशिवाय एकालाही त्यांनी होकार दिला नाही.

त्या हंगामाच्या पहिल्या सकाळी त्या बाया बाजारातून रांगेनं निघाल्या. दुकानदार पायऱ्यांवर येऊन बघत होते. मी वर्ग सोडून रस्त्यावर आलो. मावशी सर्वांच्या पुढे होत्या, आणि त्यांच्या चालण्यात असा काही रुबाब होता की समोरून आलेला टांगा आपणहून कडेला झाला.