दसऱ्याची सफाई

दसरा आला की कशेळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या हर्षदला शिसारी येते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. यंत्रांची पूजा करायची म्हणून लोक ती आधी पुसतात, पण कॉम्प्युटर त्यांना आतूनही घासायचा असतो. मग फुकटचं रजिस्ट्री क्लीनर डाउनलोड करायचं आणि ते दाखवील ते सगळं उडवायचं. कुठला प्रोग्रॅम कुठे आहे, प्रिंटर कोणता, हे विंडोजला ज्या नोंदींवरून कळतं, त्या रजिस्ट्रीतल्या नोंदीच कचरा म्हणून जातात.

यंदा भातगिरणीवाले गजाकाका झेंडूच्या माळेसकट सीपीयू घेऊन आले.

"चालूच होत नाय रं. मी तर घाण काढली!"

"काढली नाय काका, घाण तुमी घातली!"

हर्षदने विंडोज नव्याने टाकलं आणि काकांच्या डोळ्यांदेखत तेच क्लीनर चालवलं. तासाभरापूर्वी टाकलेल्या विंडोजमध्ये त्याला चारशे बारा चुका सापडल्या.

"बघा! कोऱ्या पाटीवर चारशे चुका. लबाड हाय हे, लबाड!"

काका पडद्याजवळ वाकले.

"चारशे?" ते कळवळून म्हणाले. "मग साफ कर की रं!"