दर अर्ध्या मिनिटाला

गल्लीत तिला सगळे टकटकताई म्हणत आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. वीस वर्षं ती लोकांचे प्रबंध, करारनामे आणि कुणीही न छापलेल्या कादंबऱ्या टाइप करत आली होती. नजर कागदावर, बोटं कीबोर्डवर. पडद्याकडे बघायचं ते पान संपल्यावर. लग्न केलं नव्हतं. राहायची थोरल्या भावाच्या घरी, जिन्यालगतच्या खोलीत, आणि ती खोली आपण दिली आहे हे वहिनी आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायच्या. कॉम्प्युटरही दादानेच आणून दिलेला, स्वतः बसून जोडून दिलेला. तिने त्याचे आभार मानले होते, तेही दोनदा.

रोज सकाळी कामाला बसण्याआधी बोटं मोकळी करायला ती एक कोरं पान उघडायची आणि मनात येईल ते बडवायची. दादाची हुकूमशाही, वहिनींचे टोमणे, सगळ्यांचा यथेच्छ उद्धार व्हायचा. पान भरलं की पुसून टाकायचं आणि खाली जाऊन हसतमुखाने चहा घ्यायचा. त्या पुसलेल्या पानांच्या जोरावर तिने त्या घरात अकरा वर्षं काढली होती.

मग एका परगावच्या छापखान्यात टायपिंगचा विभाग सांभाळायला बाई हवी असल्याचं तिला कळलं. राहायला वेगळी खोली मिळणार होती, स्वतःच्या कुलपाची. तिने घरी कुणाला न सांगता ईमेलने अर्ज पाठवला. तीन आठवड्यांनी, सोमवारी परीक्षेला या, असं उत्तरही आलं. ते वाचून ती दिवसभर एकटीच गुणगुणत होती.

त्याच सुमारास परीक्षेच्या सरावासाठी पडद्याकडे बघत टाइप करताना तिच्या लक्षात आलं की अक्षरं अडखळतात, बोट दाबल्यावर उशिरा उमटतात. कॉम्प्युटरवाला येऊन बघून गेला. "मशीन जुनं झालंय, ताई," म्हणाला. वहिनी म्हणाल्या, "मशीन कसलं, बोटं जुनी झाली." सगळ्यांनी मिळून तिला वेड्यात काढलं आणि आपापल्या कामाला लागले.

पण वीस वर्षं ज्या बोटांवर पोट भरलं, त्यांच्यावर ती अविश्वास कसा दाखवणार? तिने मनगटावरचं घड्याळ काढून कीबोर्डशेजारी ठेवलं आणि नजर पडद्यावर ठेवून एक लांबलचक करारनामा टाइप करत बसली. अडखळ आली. बरोबर अर्ध्या मिनिटाने पुन्हा आली. पुन्हा अर्ध्या मिनिटाने. म्हातारं मशीन कधीही धापा टाकेल. घड्याळ लावून कोण धापा टाकतं? कुठेतरी पाणी मुरत होतं.

तिने कॉम्प्युटरवाल्याला परत बोलावलं, शेजारी बसवलं आणि घड्याळ त्याच्या हातात दिलं. चार अडखळी मोजल्यावर त्याचा चेहरा बदलला. आत गुपचूप चालू असलेले प्रोग्राम तो एकेक करून बंद करू लागला. 'प्रिंटर सहायक' नावाचा एक बंद केला आणि अक्षरं पाण्यासारखी वाहू लागली.

"प्रिंटर कुठंय तुमचा?" त्याने विचारलं.

"माझ्याकडे प्रिंटर नाहीच."

त्याने तो प्रोग्राम उघडून दाखवला. दर अर्ध्या मिनिटाला पडद्याचा एक फोटो, दाबलेलं प्रत्येक अक्षर, पुसलेलंसुद्धा, आणि सगळं कुणाला तरी रोज पोचतं. कुणाला ते दिसत नव्हतं. पत्त्याच्या जागी नुसते ठिपके. "हे स्पायवेअर आहे, ताई. काढून टाकतो."

"हात लावू नका," ती म्हणाली. "आधी मला कळू दे, कोण वाचतंय."

दुसऱ्या सकाळी तिने कोऱ्या पानावर लिहिलं, 'डावा गुडघा फार दुखतो. कुणाला सांगवत नाही.' गुडघा ठणठणीत होता. तिने पान पुसलं, तोंडातून अवाक्षर काढलं नाही. दोन दिवसांनी जेवताना दादा मायेने म्हणाला, "जिना जपून चढत जा गं. गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नये."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हातातला घास ताटात ठेवला.

"माझा गुडघा दुखतो हे मी एकाच ठिकाणी लिहिलं होतं. आणि ते खोटं होतं."

दादा क्षणभर गडबडला, पण सावरला. अशी माणसं फार लवकर सावरतात. "काळजीपोटी केलं. एकटी बाई तू, कोण कधी फसवेल सांगता येतं? आणि आमच्याबद्दल रोज सकाळी काय काय लिहायचीस, सगळं वाचलं मी. कधी एका शब्दाने बोललो?"

म्हणजे आता याचेही आभार मानायचे. पुसलेली पानं आठवून तिला आधी लाज वाटली, कानापर्यंत. आणि मग आपल्याच मनात आलेल्या गोष्टींची आपल्याला लाज वाटायला लावली, याचा त्याहून मोठा संताप आला.

"छापखान्याचंही वाचलंस?"

"वाचलं. त्यांना कळवून टाकलं, घरच्या अडचणीमुळे येता येणार नाही. तुझ्याच मेलवरून." तो हात धुवायला उठला. "तुझ्या भल्यासाठीच."

तिने तिथेच, त्याच्यासमोर, छापखान्याला फोन लावला. व्यवस्थापक गोंधळले. "अहो, तुमचा नकार येऊन आठवडा झाला. तुम्ही नाही पाठवलात, तर कुणी पाठवला?"

दादा ओल्या हातांनी खुणा करू लागला. 'चूक झाली म्हण, चूक,' असं तो ओठांनी सांगत होता. वहिनी दाराशी येऊन कुजबुजल्या, "घरातली गोष्ट बाहेर सांगू नका."

अकरा वर्षं या घराची अब्रू तिनेच झाकली होती, गोड हसून. ती दादाकडे बघत फोनमध्ये सावकाश म्हणाली, "माझ्या सख्ख्या भावाने पाठवला. माझ्या कॉम्प्युटरमध्ये चोरून बघून, माझ्या नावाने."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग व्यवस्थापक म्हणाले, "तुमचा नकार आला म्हणून परीक्षा न घेताच ती जागा काल दुसऱ्या बाईंना दिली. पण प्रुफं तपासायला माणूस लागेल. फक्त, राहायला खोली नाही."

"चालेल," ती म्हणाली. "खोली मी शोधते."