वाचक दिसले पाहिजेत

सर्व्हेचे भरलेले फॉर्म पुण्याला जातात. फॉर्ममध्ये जे मावत नाही ते माझ्याकडे उरतं, आणि लेकीला भरवताना एकेक आठवत राहतं. भोर-वेल्ह्यात कोण काय वाचतं, नाटक-गाणं कुणापर्यंत पोचतं, हे विचारत हिंडायचं, असं माझं सहा महिन्यांचं काम. लेक दोन वर्षांची, सासूबाईंपाशी. दर तासाला माझा फोन : "रडत नाही ना?"

एकदा सासूबाई वैतागल्या. "ती नाही गं रडत. तूच रडतेस!"

पहिला फॉर्म सर्व्हेच्या सरांनी सरावासाठी मलाच भरायला लावला. 'अलीकडे पूर्ण वाचलेलं पुस्तक?' मी एम. ए. मराठी. बराच वेळ आठवून पाहिलं. मग खरं ते लिहिलं : लसीकरणाचं कार्ड.

सर म्हणाले, "हे पुस्तकात धरत नाहीत."

"पण सर, पाठ आहे!"

*

भोरमध्ये एका निवृत्त साहेबांकडे भिंतभर काचेचं कपाट, पुस्तकांनी गच्च. "वाचनाची आवड?"

"प्रचंड!"

म्हटलं, एखादं बघू का? साहेबांनी आत हाक मारली, "अगं, कपाटाची किल्ली?"

आतून उत्तर आलं, "या घरात आल्यापासून शोधतेय!"

*

किकवीत एक पोरगा दिवसाला दहा तास वाचत होता. मी खूश! गोष्टी, कादंबऱ्या काही? तो म्हणाला, "भरती झाली की वाचणार, मॅडम."

त्याची आई चहा ठेवता ठेवता म्हणाली, "हे सहावं वरीस हाय. आता वयच बसत न्हाई त्याचं."

पोरगा मान खाली घालून वाचतच राहिला. मी 'नियमित वाचक' वर खूण केली आणि चहा तसाच ठेवून निघाले.

*

वेल्ह्याकडच्या एका वाडीत एका बाईंना विचारलं, "गेल्या वर्षात नाटक पाहिलं का?"

"नाटक सुटतं कितीला?"

"साडेनऊ-दहाला."

"आणि आमची शेवटची एसटी साडेपाचला. आता तुमीच लिवा काय लिवायचं ते!"

फॉर्ममध्ये एसटीला रकाना नव्हता. मी लिहिलं, 'रुची नाही.' अजून खुपतं ते.

*

भाटघरच्या बाजूला एका गावात एका खोलीचं वाचनालय आहे. पुस्तक नेताना मागच्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर सही करायची, ही तिथली जुनी रीत. सरांनी मला आणि गावालाही आधीच बजावलं होतं, "वाचक दिसले पाहिजेत. नाहीतर खोली बंद, पुस्तकं भोरला."

ग्रंथपाल सुमनताई सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलेल्या. मीही. दुपारपर्यंत दोन आजोबा पेपरला आले. त्यातले एक पंख्याखाली झोपले.

मग हौसाबाई आल्या. दर गुरुवारी येतात, एक पुस्तक परत करतात, एक नेतात. मी टॅब सरसावला. "मावशी, वाचता येतं ना?"

"न्हाई बया."

'नाही' दाबलं की आमचा फॉर्म तिथंच संपतो. मग तो माणूस वाचकांत धरत नाहीत. माझं बोट तसंच अधांतरी राहिलं.

सुमनताई हळूच म्हणाल्या, "आदी लेक यायची हिची. लई वाचायची. ती वारली, तवापासनं ही येती."

हौसाबाईंनी कपाटातून एक पुस्तक काढलं. वरचं नाव पाहिलंच नाही. मागचं पान उघडलं, चिठ्ठीवरच्या सह्यांवरून बोट फिरवलं आणि पुस्तक ठेवून दिलं. दुसरं काढलं. तिसरं. चौथ्याला बोट एका सहीवर थांबलं.

"सुमन, ह्ये न्हाई नेलं अजून."

पुस्तक पदराखाली घेऊन त्या दारापर्यंत गेल्या, आणि परत माझ्याकडे आल्या.

"बाई, भोरला नेल्यावर मागची चिठ्ठी काढून तर न्हाई ना टाकत?"