तांब्याची वायसर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच, आणि ते आता राहिले नाहीत. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे. चौथी शिकले आहे. जमेल तसं लिहिते.

आमच्याकडे एक जीप आहे. जुनी, चारही चाकांना जोर असलेली. बागेत चिखल झाला की ट्रॅक्टर रुतून बसायचा आणि जीप निघून यायची, म्हणून यांचा तिच्यावर जीव. हे म्हणजे माझे यजमान. ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरीला होते. तिथे म्हणे काम संपलं की प्रत्येक पाना मोजून जागेवर ठेवायचा, एक जरी कमी भरला तरी कुणी घरी जायचं नाही. तीच सवय आमच्या अंगणात. जीपचं ऑइल यांनी कधी गॅरेजवाल्याला बदलू दिलं नाही.

आधी इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं. मग हे पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकणार, मी घमेलं पुढे करणार आणि बॅटरीचा उजेड धरून उकिडवी बसणार. चेंबरच्या बुडाला एक मोठा नट असतो. तो सोडला की काळं ऑइल धारेनं पडतं. सगळं निथळलं की हे हात बाहेर काढून म्हणणार, "दे." मी नवी वायसर तळहातावर ठेवणार. तांब्याची, रुपयाएवढी. ती नटाखाली दबून बसते म्हणून ऑइल गळत नाही. दर वेळी नवीन. मग गिअरचं ऑइल, ग्रीस, बाकीचं सगळं. शेवटी गाडीखाली वर्तमानपत्र अंथरायचं. सकाळी त्यावर डाग नसला की सर्व्हिसिंग झालं.

लग्न झाल्यापासून बॅटरी मीच धरत आले. कसं सोडायचं, कसं आवळायचं, सगळं बघून बघून माहीत झालेलं. हात मात्र कधी लावला नव्हता — पण थांबा, आधी तेलाचं सांगते.

निघालेलं काळं तेल आमच्याकडे कुणी फेकत नाही. लाकडाला लावलं की वाळवी धरत नाही. त्या उन्हाळ्यात माझ्या कांदाचाळीच्या मेढी, म्हणजे लाकडी खांब, वाळवीनं पोखरल्या होत्या. माझ्या म्हणते, कारण शेतातलं बाकी सगळं हे आणि आमचा मुलगा विलास बघायचे, कांदा मात्र माझ्याकडे. या खेपेचं तेल मला हवं, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. ऑइल बदललं. दुसऱ्या दिवशी बघते तर डबा जागेवर नाही. यांनी आपल्या बहिणीला देऊन टाकला. तिच्या दाराच्या चौकटीला.

"अगं, तिनं मागितलं. पुढच्या खेपेला तुला."

"तवर चाळ उभी राहील का? वाळवीला सांगू का, थांब बाई म्हणून?"

हे हसले. ते हसले नसते तर मी गेले असते का गाडीखाली? गेले असते. उगाच त्यांच्यावर कशाला ढकलू?

दुपारी हे झोपले होते. मी पाना घेतला, पोतं घेतलं, दुसरा एक डबा घेतला, साडी खोचली आणि गाडीखाली सरकले. नट सोडला. नवंकोरं ऑइल होतं, मधासारखं. डबा भरत आला तसा नट परत लावला. धार चालूच, कोपरापर्यंत ओघळ आले. जोर लावून आवळला. जमिनीवर सांडलं होतं त्यावर माती लोटली. आपल्याच घरात चोरी केली. पण एवढंच असतं तर एवढा कागद कशाला खर्च केला असता?

दुसऱ्या दिवशी सगळे गडावर निघाले. सप्तशृंगी आमची कुलस्वामिनी, आणि नातीचं जावळ काढायचं होतं. चाळीवर कांदा भरायला बाया यायच्या होत्या म्हणून मी मागे राहिले. इकडे गाडीत सामान भरणं चाललं होतं, तिकडे मी डबा घेऊन मेढींना तेल लावायला घेतलं. डबा तिरपा केला — तर बुडाशी काहीतरी वाजलं. हात घातला. वायसर होती.

मी नट सोडला तेव्हा ती निसटून डब्यात पडली होती. मी नट तसाच आवळला होता. वायसरशिवाय.

अंगणात हॉर्न वाजला. मी धावत आले. धावले, हे खरं. हे बॉनेट उघडत होते, पट्टी ओढून ऑइल बघायला. विलास आतून ओरडला, "आबा, परवाच बदललंय ना? चला की, पोरीला ऊन लय होईल." यांनी बॉनेट सोडलं आणि गाडी चालवायला बसले. नात सुनेच्या मांडीवर, डोक्याला टोपडं. मी फाटकाशी उभी. मूठ तेलानं माखलेली, आणि मुठीत ती.

"काय गं?" यांनी विचारलं.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? सुनेसमोर चोर ठरले असते. मुलासमोर. आणखी काही नाही. दुसरं कुठलंही कारण नव्हतं, मी पुष्कळ शोधलं आहे.

"काही नाही," मी म्हणाले. "हळू चालवा."

जीप गेली त्या जागेवर ओला डाग होता. मी पायानं त्यावर माती ओढली.

घरात फोन होता. विलासचा नंबर पाठ होता. फोन हातात घेतला, ठेवला. वणीला चहाला थांबतील, कुणी तरी खाली वाकून बघेल — असं म्हणत मेढी रंगवत राहिले. बाया काय बोलत होत्या ते कानात शिरत नव्हतं. पोर त्या गाडीत होती. आणि मी फडकं फिरवत होते. तुम्हाला हे कळतं का? मला नाही कळत.

घाटात ऑइलचा लाल दिवा लागला. मागे बस, पुढे चढ, बाजूला घ्यायला जागा नाही. वळणावर इंजिन जाम झालं आणि जीप मागे सरकायला लागली. इंजिन बंद पडलं की तिचा ब्रेक दगडासारखा होतो, दाबला जात नाही. विलासनं उडी टाकून चाकाखाली धोंडा घातला, तोवर मागचं अंग कठड्याला टेकलं होतं. कुणाला खरचटलं नाही. नात झोपेतच होती म्हणे.

जीप ओढून पिंपळगावला आणली. मेस्त्रीनं खालून बघून सांगितलं, "आबा, वायसरच नाय घातली तुम्ही."

"घातली."

"मंग गेली कुठं? नट हाय, वायसर नाय."

घरी आल्यावर हे अंगणातली माती हातानं चाळत होते. मग चुलीपाशी आले. मी भाकरी थापत होते.

"तू दिली होतीस ना हातात?"

मी वर बघितलं नाही. म्हणाले, "दिली होती. तुम्ही खिशात टाकली असंल."

यांनी तिथेच खिसा चाचपला.

विलासनं किल्ली काढून घेतली. प्रेमानंच. "आबा, वय झालं आता, राहू द्या." हे एका शब्दानं भांडले नाहीत. पान्यांची पेटी माळ्यावर गेली. मग गॅस बंद केला का, कडी लावली का, गोळी घेतली का, सगळं मला विचारायला लागले. शर्ट धुवायला टाकताना खिसे उलटे करून बघायचे. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, स्मरणाला काही झालेलं नाही. यांनी डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही. माझ्यावर ठेवला.

सांगता आलं असतं. रोज आलं असतं. आणि आता लपवून काय करू? मला ते बरंही वाटायला लागलं होतं. जन्मभर घरात यांचा शब्द शेवटचा. आता मला विचारल्याशिवाय दाराला कडी लागत नव्हती.

ते गेले तेही असेच, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत.

वायसर मी चाळीतल्या एका मेढीच्या बुडाशी पुरली. ती मेढ अजून धड आहे. जीपला दुसरं इंजिन बसवलं, आता सर्व्हिसिंग नाशिकला होतं. दर दसऱ्याला आम्ही तिला हार घालतो, आणि विलास पोरांना गोष्ट सांगतो — तुमचे आजोबा विमानाच्या कारखान्यातले, आणि वायसर घालायला विसरले! सगळे हसतात. मीही हसत आले आहे.

यांनी वायसर घातली होती. मी बॅटरी धरली होती. मला दिसलं होतं.