सुटलेला जिताडा

कारखान्यांचं पाणी समुद्रात सोडण्याविरुद्ध मी एका रविवारी नवापूर या कोळ्यांच्या गावाच्या किनाऱ्यावर सभा घेतली. माझं भाषण नीट सुरूही झालं नव्हतं, तोच जमलेली माणसं उठून गळ टाकणाऱ्या एका माणसाकडे गेली.

त्याच कारखान्यांपैकी एका कंपनीचा खाकी शर्ट घालून तो गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्या गळाला मोठा जिताडा लागला होता. मासा पळू लागला की तो रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी अडवणारा चाप, सैल करी आणि गळाचा नायलॉनचा तंगूस करकरत सुटू देई. मासा दमला की ड्रॅग थोडा आवळून हळूहळू गुंडाळी.

"ढील दे, दादा, ढील दे," एक म्हातारी कोळीण त्याला सांगत होती. माझ्या सभेत तिनं तोंडही उघडलं नव्हतं. मी हातातली पत्रकं चुरगाळली.

एवढ्यात लाटेत माशाची पाठ चमकली. त्या माणसानं ड्रॅग गच्च आवळला आणि तंगूस तुटला. मला बरं वाटलं. आता माणसं परत येतील, असा माझा हिशेब होता.

तो मागे वळून हसला. "चूक माझीच. मासा दिसला आणि हात ऐकेना."

"जाऊ दे," म्हातारी म्हणाली, "दर्या सोडून जातो कुठं तो?" सगळे हसले आणि त्याच्याभोवतीच बसले.

आमच्या पत्रकांत चूक नेहमी मालकांची असते. ती असतेच, त्यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. पण पुढच्या रविवारी तो यायच्या आधीच तीच माणसं वाळूत त्याची वाट पाहत बसली होती. माझ्या सभेला दुसऱ्यांदा कुणी आलेलं नाही.